शेवंताकाकूंची साखर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आईला तर नाहीच — तिला अजून वाटतं, बारावीला गणितात कमी मार्क पडले, एवढीच काय ती माझ्या हातून झालेली चूक. सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण ओळखीचं माणूस समोर असलं की मी विषय बदलते, उठून चहा टाकते. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी बोलते आहे.

तशी साधी गोष्ट आहे. सणाची ताटं शेजारी पोचवायची होती, मी ती पोचवली नाहीत. पण एवढंच असतं, तर एवढ्या वर्षांनी ते आठवत बसले असते का?

मावशींपासून सुरुवात करते.

मी निरगुडसरची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मावशी सख्ख्या नव्हेत — रिबेकासिस्टर. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि माझा जन्म त्यांच्या हातून झाला. आई त्यांना सिस्टरबाई म्हणायची, मी मावशी. त्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. लहानपणी इतकंच माहीत होतं, की सिस्टरबाई शनिवारी चूल पेटवत नाहीत, मटणाबरोबर दही-दूध खात नाहीत, आणि त्यांची मराठी आमच्या मास्तरांपेक्षा स्वच्छ आहे. निवृत्त झाल्यावर त्या जुन्नरला, नवऱ्याने बांधलेल्या घरात राहायला गेल्या. नवरा कालव्याच्या खात्यात होता, तो आधीच वारला होता. एकुलता एक मुलगा सॅमसन इस्रायलमध्ये, अश्दोदला.

बारावीनंतर मला घरी बसवायचं चाललं होतं. मावशींनी निरोप धाडला — "पोरीला माझ्याकडे पाठवा. इथे कॉलेज आहे आणि माझ्या घरात खोल्या नुसत्या पडून आहेत." वडील मला एसटीने सोडायला आले. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात गव्हाची पिशवी. मावशींनी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "पाटील, हे शेवटचं. पुन्हा काही आणायचं नाही. पोरीनं अभ्यास आणायचा."

आज मी शाळेत विज्ञान शिकवते. ती त्या खोलीमुळे. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं ऐकताना ते तुमच्या ध्यानात राहावं.

होळीच्या आसपास त्यांचा एक सण येतो, पुरीम. "आमची जुनी माणसं याला होळीचा सणच म्हणायची," मावशी सांगायच्या. आदल्या दिवशी उपास, मग सोंगं, गोडधोड आणि हसणं. पुण्याला त्यांची माणसं जमायची, पण गुडघ्यांमुळे मावशींना प्रवास झेपत नव्हता. मग त्यांनी सण घरातच करायचं ठरवलं — त्या आणि मी.

एरवी मावशी फार मोजकं बोलायच्या. कडक इस्त्रीची साडी, घट्ट अंबाडा, नर्सच्या सवयीने सगळं जागच्या जागी. गल्लीतून जाताना मान हलवून "बरं आहे ना?" एवढंच. कुणाच्या घरी जाऊन बसणं नाही. आणि त्या दिवशी पाहते तर काय — नवऱ्याचा खाकी कोट अंगात, डोक्यावर त्याची टोपी आणि ओठावर काजळाने काढलेली मिशी! मला त्यांनी स्वतःच्या लग्नातली साडी नेसवली आणि पुठ्ठ्याचा मुकुट घातला. मुकुटाला चॉकलेटची चांदी चिकटवलेली. मी एस्तेर राणी.

त्या गोष्ट वाचायला बसल्या. एस्तेर राजवाड्यात आली, पण आपण कुठल्या लोकांतल्या, हे तिने लपवून ठेवलं. मग हामान नावाच्या प्रधानाने तिच्या सगळ्या लोकांना मारून टाकायचं ठरवलं, आणि तेव्हा मात्र ती जिवावर उदार होऊन राजासमोर बोलली. गोष्टीत हामानचं नाव आलं, की ताटावर लाटणं बडवायचं.

"जोरात बडव!" मावशी ओरडल्या. "त्याचं नाव ऐकू येता कामा नये. जेवलीस ना सकाळी?"

मी बडवलं. त्याही बडवायला लागल्या. मिशी घामाने ओघळून हनुवटीपर्यंत आली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तेवढं मोकळं मी त्याआधी कधी हसले नव्हते. आमच्या घरी मुली एवढ्या मोठ्याने हसत नसत.

मग ताटं निघाली. खोबऱ्याच्या करंज्या आणि नारळाच्या दुधातला हलवा. दोन पदार्थ तरी हवेतच. स्टीलच्या ताटांवर मावशींचं नाव कोरलेलं, वर भरतकामाचा रुमाल. एक ताट भिंतीला भिंत असलेल्या शेवंताकाकूंचं, एक समोरच्या विमलभाभींचं. शेवंताकाकू शेतकऱ्याघरच्या, शेत गावाबाहेर आणि घर गल्लीत. विमलभाभींचं किराणा दुकान.

"हे ताट आपण स्वतः न्यायचं नसतं," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हातून धाडायचं. दूत लागतो. यंदा तू. आणि मुकुट काढू नकोस, राणीच्या हातून गेलं पाहिजे."

मी बाहेर पडले. विमलभाभींच्या ओट्यावर त्यांची प्रीती बसली होती. ती माझ्याच वर्गात होती. सोबत कॉलेजच्या दोघी-तिघी.

"अगं बाई, ही बघा!" प्रीती म्हणाली. "नारायणगावच्या राहुटीतून पळून आलीस का गं? सुपारी कुठल्या गावची घेतलीस?"

नारायणगावला तमाशाचे फड राहुट्या ठोकतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात. सगळ्या हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते, आज कळतं. मीही हसून "हो, घ्या करंजी" म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण मी निरगुडसरहून आलेली, दोनच ड्रेस असलेली मुलगी. मुकुट काढून पदराखाली घेतला आणि दार न वाजवता चालत सुटले. थेट आठवड्याच्या बाजाराच्या ओट्यांमागे जाऊन बसले. एक करंजी खाल्ली. बाकीच्या कुत्र्यांना टाकल्या. हलवासुद्धा.

आता ताटं रिकामी. आणि रिकामं ताट कुणी परत करत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. फराळाचं ताट आलं की धुऊन, पुसून, त्यात चिमूट-मूठ साखर घालूनच परत द्यायचं. मी नळावर ताटं धुतली. स्टँडजवळच्या दुकानातून साखर घेतली, एका ताटात थोडी, दुसऱ्यात थोडी. दुसऱ्यात खडीसाखरेचे चार खडेही टाकले, विमलभाभी दुकानवाल्या म्हणून. एवढा विचार सुचला, पण परत जाऊन दार वाजवायचं सुचलं नाही.

मावशी दारातच उभ्या होत्या, कोट अजून अंगात. त्यांनी रुमाल उचलून साखर पाहिली, आणि त्यांचा चेहरा — नाही, तो मला वर्णन करता येणार नाही. एवढंच म्हणाल्या, "आली बघ साखर."

ती त्यांनी एका लहान डब्यात वेगळी ठेवली.

पहिल्या वर्षीचं भित्रेपण समजू शकतं, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच सांगत होते. पण पुढच्या पुरीमला प्रीती ओट्यावर नव्हती, हसणारं कुणी नव्हतं, तरी मी बाजाराकडेच वळले. का? कारण आता दार वाजवलं असतं, तर शेवंताकाकू म्हणाल्या असत्या, "हे काय नवीन?" आणि मागचं बाहेर आलं असतं. खोटं एकदा पोसायला घेतलं की त्याला दरवर्षी खायला घालावं लागतं. मी नुसती साखरच आणली नाही, निरोपही आणले — "शेवंताकाकू म्हणाल्या, करंज्या लई खुसखुशीत झाल्यात." मावशी लाजल्या. पुढच्या खेपेला खोबरं किसताना म्हणाल्या, "शेवंतासाठी सारण जरा जास्त भरू."

मावशींनी काकूंना कधी विचारलं कसं नाही? दिलेल्याबद्दल विचारायचं नाही, असं त्यांचं होतं. त्यांच्या या रीतीचा मला आधार होता. तरी दोघी नळावर समोरासमोर आल्या की मी काहीतरी निमित्त काढून मावशींना घरात बोलवायचे.

पहिल्या वर्षी शेवंताकाकूंकडून दिवाळीचं ताट आलं होतं. मावशींनी साखर घालून परत पाठवलं. त्यानंतर एकदा आलं, मग बंद झालं. "सून बाळंतीण आहे, विसरली असेल शेवंता," मावशी म्हणाल्या. मला कारण माहीत होतं. मी पुस्तकात डोकं घातलं.

माझं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी सॅमसनभाऊ आले. मावशींना घेऊन जायला. कागदपत्रांची सगळी तयारी त्यांनी केलेली होती. "आई, इथे तुझं कोण आहे?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. दुपारी मी लसूण सोलत होते, तिथे मावशी येऊन बसल्या.

"सविता, तू सांग. तो म्हणतो ते खरं आहे का? इथं माझं कोण आहे?"

नीट ऐका — मी इथपर्यंत येऊन थांबत आलेली आहे. त्याच आठवड्यात घरून निरोप आला होता, पारगावच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या मुलाचं स्थळ आहे म्हणून. मावशी गेल्या, की मी घरी आणि मांडवात. हे लसूण सोलता सोलता मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी म्हणाले, "असं कसं, मावशी? गल्ली आहे ना. परक्याकडून दरवर्षी साखर येते का अशी?"

त्या उठल्या. आत जाऊन मुलाला म्हणाल्या, "मी माझ्या माणसांत आहे. तू काळजी करू नकोस."

सॅमसनभाऊ एकटे परत गेले. मी बी.एस्सी. झाले, मग बी.एड., मग नोकरी. लग्न माझ्या मर्जीने झालं. मावशी लग्नाला आल्या, पहिल्या रांगेत बसल्या.

विमलभाभींचं कुटुंब पुढे पुण्याला गेलं. ताट एकच उरलं. नोकरी लागल्यावरही मी पुरीमला जायचे. मावशी मिशी काढायच्या, आम्ही ताट बडवायचो, मग मी दूत होऊन बाहेर पडायचे आणि साखर घेऊन परत यायचे. पर्समध्ये पुडी आधीच तयार असायची. वय वाढलं, की माणूस व्यवस्थित होतो.

मग मावशी न्हाणीघरात पडल्या. सकाळी. खुब्याचं हाड मोडलं. दुपार टळेपर्यंत तिथेच पडून होत्या.

मला फोन आला, मी शाळेतून तशीच निघाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात शेवंताकाकू बसलेल्या. त्यांनीच नवऱ्याला दार तोडायला लावलं होतं. मला पाहून त्यांना रडू फुटलं.

"सकाळधरनं नळ वाहत व्हता गं पोरी. मला ऐकू येत व्हतं. पर म्हटलं, बाई कुणाशी बोलत न्हाई, आपण कशाला दार वाजवायचं? पाणी माझ्या ओट्यापत्तूर आलं, तवा ह्यांना उठवलं."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्या बोलतच होत्या.

"एवढी वर्सं भिंतीला भिंत. आमी दिवाळीचं ताट धाडलं व्हतं की. पर त्यांच्या सणाचं कदी एक ताट आलं न्हाई. भिंतीतनं हसण्याचा आवाज यायचा, भांडी वाजायची. नातवंडं विचारायची, आजी, तिकडं काय हाय? मी म्हणायची, असंल बाबा त्यांचा सण. आपल्याला बोलावलं न्हाई, तर आपण कशाला डोकवायचं?"

म्हणजे एवढी वर्षं भिंतीच्या या बाजूला मावशी त्यांच्यासाठी सारण जास्त भरत होत्या, आणि त्या बाजूला काकू आपल्याला बोलावत नाहीत म्हणून गप्प बसत होत्या. मध्ये भिंत नव्हतीच. मी होते.

तिथे सांगता आलं असतं. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. काकूंनी दोन शिव्या दिल्या असत्या, फार तर बोलणं टाकलं असतं. मी त्यांना पाणी आणून दिलं.

मग आम्ही आत गेलो. मावशी जाग्या होत्या. काकूंना पाहून त्यांनी हात पुढे केला — आणि असा हात पुढे करणाऱ्या बाई त्या नव्हत्या.

"शेवंता," त्या म्हणाल्या, "दर पुरीमला तुझी साखर येते. मी कधी बोलले नाही. ती वेगळी ठेवते गं मी."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणत्यात? कसली साखर?"

मी म्हणाले, "औषधाची गुंगी आहे, काकू. काहीबाही बोलतात."

हे ते. सगळी ताटं एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. ज्या बाईने मला जगात आणलं, शिकवलं, तिने आयुष्यात एकदा स्वतःहून कुणाचा हात धरला होता, आणि मी तिला तिच्या तोंडावर वेडगळ ठरवलं. घाबरून नाही. अगदी सहज, शिक्षिकेच्या आवाजात.

"व्हय, माझी सासू बी अशीच बरळायची," काकू म्हणाल्या आणि मावशींच्या कपाळावरून हात फिरवू लागल्या.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर नर्स होत्या त्या. सलाईनमधून काय सोडलंय आणि त्याने गुंगी येते की नाही, हे त्यांना डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं. किती वेळ पाहत होत्या कोण जाणे. मग त्यांनी डोळे मिटले.

"हो," म्हणाल्या. "गुंगीच आहे."

काकू गेल्यावर त्या एकच वाक्य बोलल्या. "सॅमसनला फोन लाव. येते म्हणावं."

त्या मला रागावल्या नाहीत. काही विचारलं नाही. हाड जुळेपर्यंत मी सुट्टी काढून त्यांच्याजवळ राहिले, त्यांचं सगळं केलं, आणि त्या प्रत्येक वेळी "थँक्यू, सविता" म्हणायच्या. आधी कधी म्हणत नसत.

निघायच्या दिवशी सामान बांधून झालं होतं. सॅमसनभाऊ बाहेर गाडीपाशी. मावशी काठी टेकत स्वयंपाकघरातून आल्या. हातात ते ताट, नाव कोरलेलं, वर तोच रुमाल.

"हे तुझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या.

मी रुमाल उचलला. ताटात साखर होती. लहान डब्यातली, वेगळी ठेवलेली, वर्षानुवर्षांची. काही घट्ट गोळा झालेली, काही पिवळी पडलेली, मध्ये खडीसाखरेचे खडे.

"रिकामं ताट कुणाला देऊ नये," मावशी म्हणाल्या, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन पायरी उतरल्या.

अश्दोदहून पुरीमला व्हिडिओ कॉल यायचा. नातवंडं मुकुट घालून नाचताना दिसायची. मावशी खुर्चीत. त्यांनी पुन्हा मिशी काढलेली मला दिसली नाही. माझ्या मुलीची चौकशी करायच्या, शाळेची करायच्या. गल्लीची एकदाही केली नाही. गेल्या थंडीत त्या गेल्या. सॅमसनभाऊंचा मेसेज आला तेव्हा मी नववीला पाण्याचे गुणधर्म शिकवत होते. तास पूर्ण केला.

ती साखर मी बरेच दिवस तशीच ठेवली. मग मुंग्या लागल्या. मग मी ती चाळली, आणि आमच्या रोजच्या डब्यात ओतली. चहात संपली. ताट वापरात आहे, त्यात मुलगी पोहे खाते.

परवा जुन्नरच्या स्टँडवर शेवंताकाकू भेटल्या. आता फार वाकल्यात. मावशी गेल्याचं मी त्यांना सांगितलं.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दवाखान्यात हात धरला व्हता माझा. लई गार हात. बाई चांगली असंल गं. पर आमाला कदी आपलं म्हटलं न्हाई तिनं."

माझी एसटी लागली होती. कंडक्टर घंटी मारत होता.

मी "हं" म्हणाले, आणि चढले.